वाहनाचे विक्रीखत
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



वाळूजला कामावर जाणाऱ्या चिरंजिवांसाठी जुनी दुचाकी घ्यावयाची झाली, म्हणजे आपण प्रथम ओळखीच्या घरी चौकशी करतो. रोकड मोजली, किल्ली हाती पडली, की व्यवहार संपला! ‘घरचाच माणूस, कागद कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्ही उभे आहोत.

सन २००७ मध्ये एका गृहस्थाने आपली मोटार विकली. ताबा दिला, कागदपत्रेही दिली. परंतु सरकारी दप्तरी नाव त्याचेच राहिले. मोटार पुढे आणखी काही हातांतून फिरली आणि २००९ मध्ये तिच्या अपघातात एकाचा प्राण गेला. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नोंदणी ज्याच्या नावे, तोच कायद्याने मालक. भरपाईची जबाबदारी त्याचीच.

यावरून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली, विक्रीखत अवश्य करावे. त्यात उभयतांची नावे व पत्ते, नोंदणी, इंजिन आणि चासीचे क्रमांक, अंकी व अक्षरी किंमत, कर्ज वा दंड बाकी असल्यास तो, आणि ताबा दिल्याची तारीख व वेळसुद्धा लिहावी. साक्षीदारांच्या सह्या घेऊन दोघांनीही एकेक प्रत जपावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. विक्रीखत हा व्यवहाराचा पुरावा होय. त्याने दप्तरातील नाव बदलत नाही. त्यासाठी नमुना २९ व ३० भरून प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे द्यावे लागतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये, विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावयाचे असते. विमा आपल्या नावे करण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. विकणाऱ्याने तर नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत स्वस्थ बसू नये. कारण जोखीम त्याच्याच शिरावर असते.

कागद म्हणजे अविश्वास, असे कोणी समजू नये. सख्ख्या भावाकडून शेत घेतले तरी आपण खरेदीखत करतोच ना? त्याने भाऊबंदकी वाढत नाही, उलट टळते. मोटारीसही तोच न्याय लावावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.