माहूरची रायबागन

मास्तर फळ्यावर गणित मांडत असतात आणि तालुक्याहून हुकूम येतो : उद्यापासून निवडणुकीच्या कामावर हजर व्हा. काम पूर्वी कधी केलेलं नाही, विचारायला जवळ माणूस नाही. छाती धडधडू लागते. अशा वेळी आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या माहूरच्या एका बाईची आठवण करावी.

माहूर म्हटलं की आपल्याला रेणुकामाता आठवते, दत्तशिखर आठवतं. पण तिथं डोंगरावर जुना किल्लाही आहे. सतराव्या शतकात या मुलखात उदाराम घराण्याची जहागीर होती. घराणं मोगलांच्या चाकरीतलं. आता जहागीर म्हणजे नुसता मान नव्हे. पदरी फौज बाळगायची, आणि बोलावणं आलं की ती घेऊन निघायचं. घरातला कर्ता पुरुष गेला आणि हा सगळा भार घरच्या बाईवर आला. तिचं नाव सावित्रीबाई असं सांगतात. घरात रडत बसण्याची तिला सवड नव्हती. ती घोड्यावर बसली, फौज सांभाळली, आणि बादशाहीकडून 'रायबागन' हा किताब मिळवला. बागन म्हणजे वाघीण.

पण तिची खरी परीक्षा पुढंच होती. शाएस्तेखानानं कारतलबखानाला कोकणात धाडलं. त्याच्या सैन्यात रायबागनही होती. घाट उतरून फौज खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत शिरली. वाट अरुंद, दोहो बाजूंना दाट रान, प्यायला पाणी नाही. शिवाजी महाराजांनी आधीच वाटा रोखलेल्या होत्या. तो दिवस २ फेब्रुवारी १६६१. रानातून बाण आणि गोळ्या येऊ लागल्या. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना.

मोठमोठे सरदार तिथं होते. खानाला त्याची चूक सांगायची कुणी? ते काम रायबागननं केलं. नीट विचार न करता या रानात शिरलात हीच चूक झाली, आता शरण जाऊन माणसं वाचवा, असं तिनं खानाला स्पष्ट बजावलं. परमानंदानं 'शिवभारता'त हा प्रसंग लिहून ठेवला आहे. खानानं तिचं ऐकलं. वकील पाठवला, जवळचं द्रव्य महाराजांना दिलं, आणि वाट मिळून उरलेली फौज जिवानिशी परत गेली.

ती महाराजांच्या विरुद्ध बाजूला होती, हे लपवायचं कारण नाही. त्या दिवशी विजय महाराजांचाच झाला. पण वाघीण हे नाव तिला तलवारीमुळं मिळालं असेल, तरी ते तिनं सार्थ केलं ते त्या दिवशीच्या शहाणपणानं.

मास्तरमंडळी, शेतकरी बंधू-भगिनींनो, अवघड काम अंगावर आलं की आपण म्हणतो, "मी हे कसं करू?" भीती वाटणारच, त्यात कमीपणा नाही. पण आधी वाट नीट पाहून घ्यावी. जे कळत नाही ते विचारावं. आणि काम चुकीच्या बाजूला चाललं असेल, तर वरिष्ठांसमोरही ते अदबीनं, पण वेळेवर सांगावं. नुसतं रेटून नेणारा माणूस पुष्कळदा खिंडीतच अडकतो.

कधी माहूरला गेलात, तर देवीचं दर्शन घेऊन किल्ल्याकडंही नजर टाका. मुलं बरोबर असतील, तर त्यांना ही गोष्ट तिथंच सांगा.