करमणुकीपुरते उरलेले धरण

धरणसुरक्षेची चर्चा निघाली की आपल्या डोळ्यांसमोर भाक्रा वा हिराकूड उभे राहते. मी मात्र आज अवघ्या १२ मीटर उंचीच्या एका मातीच्या धरणाविषयी बोलणार आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, टोकोआ धबधब्याच्या वरच्या अंगाला केली बार्न्स हे धरण होते. १८९९ मधील मूळ दगडी बंधाऱ्यावर पुढे मातीचा भराव चढवून त्याची उंची वाढविण्यात आली. १९५७ मध्ये तेथील वीजनिर्मिती थांबली आणि जलाशय केवळ करमणुकीसाठी उरला.

माझ्या मते धरणाच्या आयुष्यातील हीच अवस्था सर्वाधिक घातक होय. वीज वा सिंचन देणाऱ्या धरणावर कोणाचे तरी नित्य लक्ष असते. सहलीला आलेले लोक पाणी पाहतात. भरावाच्या पलीकडच्या उताराकडे कोणी फिरकत नाही. येथे तो उतार अतिशय उभा होता, त्यावर झाडे माजली होती. झाड वठले की कुजलेल्या मुळांच्या पोकळीतून पाझराला वाट मिळते आणि पाण्याबरोबर मातीही वाहू लागते. १९७३ च्या एका छायाचित्रात उताराची घसरण दिसते. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी, मध्यरात्रीनंतर, अतिवृष्टीत धरण फुटले. पायथ्याच्या महाविद्यालयीन वसाहतीतील ३९ जण मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाला एकच एक कारण निश्चित करता आले नाही. उताराची घसरण आणि पाझर यांचा संयोग त्याने संभवनीय मानला.

तपासणीचा कायदा तेथे १९७२ पासून होता. निधी मात्र नव्हता! दुर्घटनेनंतर सुमारे ८,८०० खासगी व स्थानिक धरणे तपासली गेली, तेव्हा जवळजवळ एकतृतीयांश असुरक्षित आढळली.

आपला धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. १५ मीटरहून उंच धरणे त्यात सरसकट येतात. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणाला मात्र ५०० मीटर लांबी, १० लाख घनमीटर साठा किंवा सेकंदाला २,००० घनमीटर पूरविसर्ग यांपैकी एखादी अट लागू व्हावी लागते. पाया विशेष अडचणीचा वा रचना असाधारण असेल तरीही ते कक्षेत येते. केली बार्न्समध्ये फुटतेवेळी सुमारे पावणेआठ लाख घनमीटर पाणी होते. म्हणजे केवळ आकारमानाच्या निकषांवर ते आपल्याही यादीतून निसटले असते.

म्हणून राज्यांनी लहान, जुन्या तलावांची स्वतंत्र नोंद करावी आणि ती करताना उंचीआधी खालची वस्ती मोजावी. उतारावरील झाडोरा वाढू देऊ नये, सांडवा मोकळा ठेवावा. पाझर नियमित मोजावा. तो गढूळ दिसताच त्याच दिवशी जलाशयाची पातळी उतरविण्यास प्रारंभ करावा.