महाविद्यालयीन पाक्षिकाचे संपादन : एक अनुभव
(सुवर्णमहोत्सवी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेले ‘दर्पण’ आरंभी पाक्षिकच होते. आमच्या छोट्या महाविद्यालयाचेही पाक्षिक होते. सायक्लोस्टाईलची चार पाने. मेणकागदी स्टेन्सिलवर अक्षर चुकले, तर दुरुस्तीचा द्रव लावून तो वाळेपर्यंत थांबावे लागे. बातमीच्या खरेपणासाठी मात्र तेवढाही धीर मी धरला नाही. वसतिगृहाच्या कोठीतील धान्याचा हिशेब जुळत नाही, या ऐकीव गोष्टीवरून मुनीमजींवर ठपका ठेवणारा मजकूर मी छापला. त्यांना एका शब्दाने विचारले नाही. अनेकान्तवादावरील वक्तृत्वस्पर्धेचे पारितोषिक त्याच वर्षी मला मिळाले होते, हे विशेष!

दोन पोती गहू शेजारच्या वसतिगृहास उसने दिले होते. नोंद दुसऱ्या वहीत होती. पुढील अंकात पहिल्या पानावर आम्ही क्षमायाचना केली. पण आधीचे दोनशे अंक खोल्याखोल्यांतून वाचून झाले होते. ‘उत्तम क्षमा’ म्हणून मुनीमजींनी माझ्यापुढे हात जोडले. महिनाअखेरीस कोठीच्या किल्ल्या कार्यालयात ठेवून ते गावी निघून गेले.