पुन्हा नाव घालताना

(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



सरकारी नोकरीच्या निमित्ताने आम्ही या शहरात दोनदा आलो. पहिल्या खेपेस मंडळाचे चिटणीस होतो. बदली झाली तेव्हा सभासदांच्या नोंदवहीत आमच्या नावावर तांबडी रेघ ओढली गेली. ती आम्हीच ओढली, नियमच तसा होता. नऊ वर्षांनी परतलो, तर तरुण कार्यकर्त्यांनी नव्या सभासदाचा अर्ज पुढे केला आणि दोन सूचकांच्या सह्या मागितल्या. आम्ही दुखावलो, हे कबूल केले पाहिजे.

पण सही करताना एक वयोवृद्ध गृहस्थ डोळ्यांपुढे उभे राहिले. गणेशोत्सवातल्या नाटकावरून वाद होऊन ते मंडळ सोडून गेले होते. पत्नी निवर्तल्यावर एका संध्याकाळी परत आले. आम्ही त्यांना अर्ज तर दिलाच, वर कार्यकारिणीपुढे खेद व्यक्त करावा असेही सुचविले. ते काही बोलले नाहीत. अर्ज टेबलावर तसाच ठेवून जिना उतरले. पुन्हा आले नाहीत.

बी. ए.ला आमचा विषय इतिहास. नेतोजी पालकर महाराजांना सोडून आदिलशाहीकडे गेले, तेथून मोगलांकडे. १६६७ साली औरंगजेबाने त्यांचे धर्मांतर करविले व मुहम्मद कुली खान या नावाने त्यांना काबूलच्या बाजूस धाडले. १६७६ मध्ये ते परतले आणि महाराजांनी त्यांना विधिपूर्वक स्वधर्मात घेतले. प्रायश्चित्त चुकले नाही. पण आमच्या समजुतीप्रमाणे घ्यायचे हे आधी ठरले, विधी मागून आला. आम्ही मात्र विधीच दारात आडवा घातला होता. सरकारसारख्या रुक्ष धन्यानेसुद्धा १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांत राजीनामा मागे घेण्याची वाट ठेवली होती. नव्वद दिवसांची मर्यादा होती, अटीही होत्या, पण वाट होती! आमच्या घटनेत तेवढीही नाही.

म्हणून सर्वसाधारण सभेपुढे आमची सूचना अशी : बदलीने गेलेल्याच्या नावावर रेघ ओढू नये, ‘परगावी’ एवढेच लिहावे. रुसून गेलेला परत आला, तर वर्गणी घ्यावी, सूचक मागू नयेत, जुना क्रमांक द्यावा.

ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांच्या नावावरची रेघ काढून टाकण्याची परवानगी सभेने आम्हांस द्यावी.