तारापूरच्या शेजारी आपलं स्वागत



स्वागत समितीच्या वतीने वसई-विरारमध्ये आपलं मनःपूर्वक स्वागत. युरेनियमच्या मिश्र ऑक्साइडांवरची परिषद इथे का, असं काहींनी विचारलं. विरारहून डहाणूकडे जाणारी लोकल बोईसरला थांबते. तिथून तारापूर जवळच. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तिथे १९६९ साली सुरू झालं. १९७४ च्या पोखरण अणुचाचणीनंतर त्याच्या अमेरिकी इंधनाच्या पुरवठ्यात अडथळे येऊ लागले. पुढे फ्रान्सने इंधन दिलं, पण परावलंबन सलत राहिलं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या माणसांनी तारापुरातच युरेनियम-प्लुटोनियमचं मिश्र ऑक्साइड इंधन घडवलं आणि नव्वदच्या दशकात ते तिथल्याच अणुभट्टीत वापरलं गेलं. या मातीतलं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

असं मिश्र इंधन शक्य झालं स्फटिकाच्या घडणीमुळे. युरेनियम डायऑक्साइडची रचना फ्लोराइटसारखी: प्रत्येक युरेनियमभोवती आठ ऑक्सिजन, प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार युरेनियम. त्याच्या एकक घनाची बाजू ५.४७ अँगस्ट्रॉम, प्लुटोनियम डायऑक्साइडची ५.४०. फरक इतका थोडा, की दोन्ही हव्या त्या प्रमाणात एकजीव होतात. थोरियम डायऑक्साइडची बाजू ५.६०, युरेनियमशी त्याचंही जुळतं. मात्र युरेनियम चार संयुजेवर थांबत नाही. हवेत तापवलं की जादा ऑक्सिजन जाळीतल्या मोकळ्या जागांत शिरतो. पुढे U₃O₈ बनतं, आकारमान तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढतं आणि घट्ट पेलेटचा भुगा होतो. थोरियम चारच्या पुढे जात नाही, म्हणून त्याच्या मिश्रणात हा धोका घटतो. भट्टीत विखंडनातून जन्मणारं बेरियम आणि झिर्कोनियम पेरोव्हस्काइट रूपात वेगळं होतं, लँथनाइडं मात्र त्याच जाळीत मुरतात. आपल्या चर्चेचा मोठा भाग याच मुद्द्यांवर रंगेल, अशी माझी अपेक्षा आहे.

तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांनी गावं सोडली. त्यांच्या मुलांना हे रसायनशास्त्र त्यांच्या भाषेत समजावून सांगणं आपलं देणं आहे. म्हणून दुपारचं सत्र जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांसाठी राखलं आहे. इंधनाबद्दल, किरणोत्साराबद्दल, कचऱ्याबद्दल ती मुलं जे विचारतील त्याला मोकळेपणाने उत्तरं द्यावीत, मराठीत द्यावीत. जेवणात आगाशीची सुकेळी आहेत, ती अवश्य चाखा. पण कृपा करून सत्र संपेपर्यंत कुणी परतीची गाडी धरू नये.