राष्ट्रपतीवरील महाभियोग आणि सरपंचावरील अविश्वास
(शिरूर व दौंड तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



राष्ट्रपतीला मुदत संपण्यापूर्वी पदावरून दूर करावे की नाही, हा प्रश्न पुस्तकात वाचावयाचा आहे, अशी आपली समजूत असते. ती अगदीच निराधार नाही. 26 जानेवारी 1950 पासून आजतागायत भारताच्या एकाही राष्ट्रपतीला महाभियोगाने पदच्युत करण्यात आलेले नाही. परंतु हाच प्रश्न लहान आकारात घोडनदीपासून भीमेच्या काठापर्यंत, न्हावऱ्यापासून पाटस-यवतपर्यंत गावोगावी उभा राहतो. तेथे राष्ट्रपतीच्या जागी सरपंच असतो, संसदेच्या जागी नऊ-अकरा सदस्यांची पंचायत असते, आणि त्या नऊ-अकरांत आपल्या वस्तीचा एखादा किंवा दोन सदस्य असतात. त्यांच्या सहीसाठी रात्री दारात गाडी येऊन थांबते. ती सही द्यावी काय, याचा विचार आज तुमच्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम राष्ट्रपतीविषयीचा नियम पाहा. तो घटनेच्या 61 व्या अनुच्छेदात आहे. राष्ट्रपतीला दूर करण्याचे कारण एकच, ते म्हणजे घटनेचा भंग. तो आवडत नाही, त्याचा पक्ष बदलला, त्याने कोणाचे काम केले नाही, ही कारणे तेथे चालत नाहीत. आरोप लेखी पाहिजे. त्यावर सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या पाहिजेत. चौदा दिवसांची पूर्वसूचना पाहिजे. एका सभागृहाने एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमताने आरोप ठेवावा, आणि चौकशी दुसऱ्या सभागृहाने करावी किंवा करवावी. म्हणजे आरोप ठेवणारा एक आणि तपासणारा दुसरा. चौकशीत राष्ट्रपतीला स्वतः किंवा वकिलामार्फत उत्तर देण्याचा अधिकार आहे. दुसऱ्या सभागृहानेही तशाच बहुमताने आरोप सिद्ध झाल्याचा ठराव केला, तरच ते पद रिकामे होते.

आता तुम्ही विचाराल की, पंतप्रधानाला काढावयाला एवढा खटाटोप का लागत नाही? लोकसभेने साध्या बहुमताने अविश्वास दाखविला की मंत्रिमंडळ जाते. त्यासाठी कोणताही अपराध सिद्ध करावा लागत नाही. या भेदाचा उलगडा बाबासाहेबांच्या 4 नोव्हेंबर 1948 च्या घटनासमितीतील भाषणात सापडतो. अमेरिकेत राज्यकारभार करणाऱ्यांची झडती ठरावीक काळाने मतदार घेतात. संसदीय पद्धतीत ती प्रश्न, ठराव, अविश्वास यांच्या द्वारे रोज घेतली जाते. घटनेच्या मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक मोल दिले, असे त्यांनी तेथे सांगितले. याचा अर्थ ध्यानात घ्या. ज्याला सभागृह नेमते, त्याच्यावर सभागृहाने विश्वास काढून घेणे योग्यच आहे. ज्याचे पद सभागृहाच्या मर्जीवर ठेवलेले नाही, त्याला काढावयाचे तर अपराध दाखविला पाहिजे.

मग आपला सरपंच या दोहोंपैकी कोण? येथेच खरी गुंतागुंत आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली सरपंच सदस्यांतून निवडला जाई. 2017 मध्ये महाराष्ट्र शासनाने तो थेट गावाच्या मतांनी निवडावयाचे ठरविले, 2020 मध्ये ते रद्द केले, आणि 2022 मध्ये पुन्हा आणले. थेट निवडलेला सरपंच हा गावाचा झाला. पंचायतीच्या सदस्यांचा राहिला नाही. तरीही त्याला काढण्याचा मार्ग मात्र मंत्रिमंडळाचाच, म्हणजे अविश्वासाचा, ठेवला गेला. म्हणूनच 2017 च्या दुरुस्तीने त्याभोवती कुंपण घातले: निवडीनंतर पहिली दोन वर्षे ठराव आणावयाचा नाही, तो तीन चतुर्थांश बहुमताने संमत झाला पाहिजे, आणि नंतर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्याला गावाची मान्यता मिळाली पाहिजे. कुंपण बरे आहे. परंतु त्यात एक फट राहिलेली आहे. अविश्वासाच्या सूचनेत कारणे लिहिली जातात. ती सिद्ध करण्याचे बंधन मात्र कोणावर नाही. तहसीलदार त्या सभेत मते मोजतो, पुरावा तपासत नाही.

खरे कारण एक आणि लिहिलेला आरोप दुसरा, असे झाले म्हणजे काय होते याचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले आहे, आणि ते तुमच्या-माझ्यासारख्यांनी अवश्य जाणून घ्यावे. 1865 मध्ये लिंकनचा खून झाल्यावर अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला. नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना नागरिकत्वाचे हक्क देणाऱ्या 1866 च्या विधेयकावर त्याने नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो मोडून काढून कायदा केला. पुढे 1868 मध्ये त्याच्यावर महाभियोग आला. आरोप अकरा होते, आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ, त्याने युद्धमंत्री स्टँटन याला बडतर्फ केले एवढ्यातच होते. मुक्त झालेल्या लाखो माणसांशी केलेला द्रोह बाजूला राहिला आणि एका मंत्र्याच्या नोकरीचा कायदेशीर कीस निघत बसला. सिनेटमध्ये 54 सदस्य होते, 36 मते हवी होती, 35 पडली. एका मताने जॉन्सन वाचला. ज्यांच्या हक्कांवरून हे सारे पेटले, त्या काळ्या लोकांचा एकही प्रतिनिधी त्या सिनेटमध्ये नव्हता. तुमचा प्रतिनिधी तुमच्या पंचायतीत आहे, हा मोठा फरक आहे, आणि तो फुकट मिळालेला नाही.

आता आपल्या गावांकडे या. अविश्वासाच्या सूचनेवर शब्द ठरलेले असतात: मनमानी कारभार, सदस्यांना विश्वासात न घेणे, विकासकामांत अडथळा. त्यांच्यामागे काय असते ते तुम्ही जाणता. सरपंच सदस्यांतून निवडला जात होता तेव्हा पद सव्वा-सव्वा वर्षाने वाटून घेण्याचा करार होई, आणि एकाने वेळेवर राजीनामा दिला नाही की दुसऱ्याला एकाएकी मनमानी कारभार दिसू लागे. रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आल्या. कारखान्यांच्या करामुळे जेथे पंचायतीच्या तिजोरीत पैसा आला, तेथे सरपंचाच्या सहीची किंमत वाढली. आणि जेथे पद अनुसूचित जातीसाठी किंवा स्त्रीसाठी राखीव निघाले, तेथे पुष्कळदा गावच्या पुढाऱ्याने आपल्या सोयीचे माणूस उभे केले. ते माणूस सांगेल तेथे अंगठा उठवीत होते तोपर्यंत त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. ज्या दिवशी त्याने कागद वाचावयाला मागितला, त्या दिवशी विश्वास उडाला!

जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या स्त्री सरपंचाचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सरकारी जागेवरील घरात ती राहते, या तक्रारीवरून तिला अपात्र ठरविले होते. सप्टेंबर 2024 मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, आणि निवडून आलेल्या स्त्रीला पदावरून काढणे इतके हलके घेऊ नये, अशा अर्थाची कानउघाडणी अधिकाऱ्यांची केली. तेथे मार्ग अविश्वासाचा नव्हता, अपात्रतेचा होता. पण मुळाशी गाऱ्हाणे हेच होते की, बाई सरपंच झाली हे काहींना सोसले नाही.

आपल्याविरुद्ध आणखी एक शस्त्र उगारले जात असे. तुम्ही बौद्ध झालात, आता राखीव जागेवर तुमचा हक्क कसला, असे लोक म्हणत. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला आहे. तेव्हा कोणी ही धमकी दिली तर भिऊ नका. फक्त जातीचा दाखला व पडताळणीचे कागद वेळेवर पुरे करून ठेवा. तसेच, अनुसूचित जातीच्या सरपंचाला किंवा सदस्याला धाकदपटशाने त्याच्या कामापासून रोखणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती न सांगता येथून जाणे मला प्रशस्त वाटत नाही. सरपंच आपला आहे एवढ्यासाठी त्याची पाठराखण करावी काय? घरकुलांच्या यादीत त्याने पैसे घेऊन नावे घातली असतील, पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील मागासवर्गीयांसाठीची 15 टक्के रक्कम कागदावरच खर्च केली असेल, तर त्याचा पहिला अपराध आपल्याच वस्तीशी झालेला आहे. अशाला वाचविणारी माणसे पुढच्या वेळी खऱ्या अन्यायाविरुद्ध बोलू लागली तर त्यांचे कोण ऐकेल? अशा अपराधासाठी त्याच अधिनियमाचे 39 वे कलम आहे. गैरवर्तन किंवा कर्तव्यातील हयगय सिद्ध झाल्यास विभागीय आयुक्त सरपंचाला काढू शकतात. त्याआधी चौकशी होते, सरपंचाला नोटीस मिळते, त्याचे म्हणणे ऐकले जाते. हा मार्ग लांबचा आहे, कंटाळवाणा आहे. पण महाभियोगाशी नाते सांगणारा तोच आहे, कारण तेथे आरोप दाखवावा लागतो.

भिक्षुसंघाच्या विनयातही वादाचा निकाल संमुख, म्हणजे संबंधित व्यक्तीच्या समक्ष, लावण्याचा दंडक होता. संघाला ठराव, गणसंख्या, मतमोजणी व निषेधाचे नियम ठाऊक होते, याची आठवण बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटनासमितीला करून दिली होती. ज्या सूचनेवर रात्री गाडीत सह्या होतात आणि जिच्यासाठी सदस्यांना सहलीला नेऊन दडविले जाते, तिला या परंपरेत जागा नाही.

काही जण म्हणतात, आपण कोणाच्याच बाजूला जाऊ नये, त्या दिवशी गावाबाहेर राहावे. हा भ्रम आहे. 11 मे 1993 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रामस्वामी यांना दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला. बाजूने 196 मते पडली, विरुद्ध एकही नाही. 205 सदस्य तटस्थ राहिले, आणि ठराव पडला. पंचायतीतही बहुमत एकूण सदस्यांवर मोजले जाते. मतदानास पात्र नऊ असतील तर तीन चतुर्थांशासाठी सात लागतात. अकरा असतील तर नऊ. तिघे दूर राहिले की ठराव पडतो. तेव्हा गावाबाहेर गेलेला सदस्य सरपंचाच्या बाजूने मत देऊनच गेलेला असतो, फक्त ते बोलून दाखवीत नाही. द्यावयाचेच असेल तर सभेत बसून द्यावे.

सूचना मिळाल्यापासून सात दिवसांत तहसीलदाराला सभा बोलवावी लागते. सरपंचाला त्या सभेत बोलण्याचा हक्क आहे. तो बोलत असता गोंगाट होऊ देऊ नका. मधल्या दिवसांत तुमच्या सदस्याला घेऊन पंचायतीच्या कार्यालयात जा, ठरावांची वही, घरकुलांची यादी आणि 15 टक्क्यांचा खर्च पाहा, वस्तीतील बायामाणसे जमवून ते वाचून दाखवा. सूचनेत लिहिलेले कारण त्या वहीत सापडते काय, हे तेथेच कळेल. मग सही द्यावयाची की नाही, हे त्या बैठकीत ठरू द्या. आणि गाडी आलीच, तर चालकाला सांगा की निर्णय उद्या सकाळी समाजमंदिरात सांगितला जाईल.