हात आधी, पाटी नंतर
(मंडळाच्या पालक-मेळाव्यातील भाषण)



बाप्पा विद्येची देवता, म्हणून त्याच्यासमोर बालशिक्षणाविषयी चार शब्द बोलते.

माझी नात अडीच वर्षांची असताना इथे चेन्नईत माँटेसरी वर्गात जाऊ लागली. घरी मराठी, वर्गात इंग्रजी नि तमिळ. पहिले तीन महिने ती तिथे अवाक्षर बोलली नाही. रोज एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात डाळ ओतायची! सूनबाई रडकुंडीला आली. म्हणाली, "आई, घरात मराठी बंद करूया का?" मीही घाबरले होते.

तिच्या बाईंनी मला एक दिवस वर्गात बसवून घेतले. ओतताना मनगट वळते. गुलाबी मनोऱ्याचे १ ते १० सेंटिमीटरचे दहा ठोकळे रचताना नजरेचा अंदाज पक्का होतो. मग खरखरीत अक्षरांवरून बोट फिरते. अक्षर हाताला आधी कळते, पेन्सिल नंतर येते. "घरची भाषा सोडू नका," असेही त्यांनी बजावले.

डॉ. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह काढले. १९३९ मध्ये त्या आपल्याच अड्यारला शिक्षकांना शिकवायला आल्या. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला स्थानिक, स्वस्त साधने वापरून बालवाडी चालवली. तोच धडा मी गिरवला. पॉलिशपेपर आणून मराठी अक्षरे कापली.

साडेचार वर्षांची झाल्यावर एका सकाळी तिने अंगणात खडूने लिहिले, 'आजी'. कुणी सांगितले नव्हते.

मंडळी, मुलांना घाई करू नका, आणि मराठी सोडू नका. गणपती बाप्पा मोरया!